पट ३० सप्टेंबरचा, वर्ग डिसेंबरचा : शाळाबाह्य मुलं आकड्यांत का दिसत नाहीत?

कोरडवाहू (धागाकर्ता)

यू-डायस प्लसच्या, म्हणजे देशभरच्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी प्रणालीच्या, आकड्यांवरून शेजारच्या धाग्यावर बरीच खणाखणी झाली. २०२१-२२ मध्ये देशभरात २६.५२ कोटी विद्यार्थी, २०२३-२४ मध्ये २४.८० कोटी. एक बाजू म्हणते शाळा ओस पडल्या, दुसरी म्हणते बोगस नावं उडाली, बरंच झालं. तिथं अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

आधी पद्धतीचं सांगतो. २०२१-२२ पर्यंत मुख्याध्यापक नुसत्या बेरजा भरायचे. चौथीत मुलगे इतके, मुली इतक्या, त्यात दिव्यांग इतके. २०२२-२३ पासून एकेका मुलाची स्वतंत्र नोंद होते. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, मातृभाषा, प्रवर्ग, दारिद्र्यरेषा, दिव्यांगत्व, आधी कधी शाळाबाह्य होतं का, वगैरे. म्हणून जे मूल जिल्हा परिषदेच्या पटावरही होतं आणि शेजारच्या इंग्रजी शाळेच्याही, ते आता एकदाच मोजलं जातं. दोन वर्षांची थेट तुलना करू नका असं मंत्रालयानंच म्हटलंय. त्यामुळे त्या पावणेदोन कोटींवरून ना रडायला हवं, ना नाचायला.

मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. दसरा झाला की आमचं गाव ऊसतोडीला हलायला लागतं. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेऊन खर्चून झालेली असते. कारखान्यांचा गाळप हंगाम ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य यात कधीतरी सुरू होतो आणि टोळीला न्यायला गाड्या दारात येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. धाकटं पोर असेल तर त्याला कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीवर, सांभाळायला नऊ-दहा वर्षांची पोरगी बरोबर जाते. परत यायला मार्च उजाडतो, कधी एप्रिल.

आता तारखा बघा. यू-डायसची संदर्भ तारीख वर्षानुवर्षं ३० सप्टेंबर. शाळेला शिक्षक किती मिळणार हे ठरवणारी संचमान्यता, तीही ३० सप्टेंबरच्या पटावर. त्या दिवशी माझा वर्ग भरलेला असतो. फॉर्ममधली एकही नोंद खोटी नसते. डिसेंबरात या, चौथीच्या वर्गात मागच्या तीन रांगा रिकाम्या दिसतील.

न कळवता ४५ दिवस गैरहजर असलेलं मूल केंद्र सरकारच्या व्याख्येत शाळाबाह्य. आपल्या राज्याच्या सर्वेक्षणांत तर एका महिन्याची गैरहजेरी पुरते. दोन्ही व्याख्यांनी माझी ही पोरं जानेवारीत शाळाबाह्य ठरतात. पण राज्याच्या दोन गाजलेल्या मोहिमा आठवा. ४ जुलै २०१५ ला एका दिवसाचं सर्वेक्षण झालं, मोजलेल्या पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली होती. मग ५ ते २० जुलै २०२२ ला 'मिशन झिरो ड्रॉपआऊट'. दोन्ही जुलैत! जुलैत आमची सगळी पोरं गावात असतात, नवी वह्या-पुस्तकं घेऊन.

धोरणाच्या कागदात 'वंचित राहण्याचा धोका असलेली बालके' असतात, त्यांच्यासाठी तरतूदही असते. पण ती बालकं मोजायची कधी, हे ज्यानं ठरवलं त्यानं ऊस कधी तुटतो हे कुणाला विचारलं नसावं.

उगाच_शंका

मग गैरहजेरी लावा की सर. हजेरीपटावर लाल शाईनं 'गै' लिहायला कुणी हात धरलाय? शिक्षकच पट टिकवायला हजेऱ्या लावतात आणि मग आकड्यांच्या नावानं बोटं मोडतात.

कोरडवाहू

शंकासाहेब, शंका रास्त आहे, पण अर्धीच. गैरहजेरी लावली तरी नाव पटावर राहतंच, आणि राहायलाच हवं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. प्रश्न पुढचा आहे. हजेरीपटातला तो 'गै' शाळेच्या कपाटातून वर कुठं जातो? पट वर जातो, त्यावर पदं, अनुदान, पोषण आहार ठरतो. महिनावार गैरहजेरी वर गेली तर तिच्यावर कुणाचं काहीच ठरत नाही. ज्या आकड्यावर काही ठरत नाही तो कुणी जपून भरत नाही.

हजेऱ्या फुगवणारे आहेत, ते नाकारत नाही. ऑक्टोबर २०११ ची राज्यभरची पटपडताळणी, पटावरची पोरं खरंच वर्गात आहेत का ते मोजण्याची, सगळ्यांना आठवत असेल. त्यानंतर यंत्रणेनं बोगस नावं शोधण्याची हत्यारं भरपूर बनवली. सरल ही विद्यार्थ्यांच्या नोंदींची राज्याची ऑनलाइन प्रणाली आली, आधार जुळवणी आली. खोटं नाव पकडायला सगळे टपलेत. खरं पोर हरवलं तर बोंब मारणारी तशी यंत्रणा कुठंय?

तिसरी_घंटा

सर, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी समावेशित शिक्षणात विशेष शिक्षिका आहे, कंत्राटी. माझ्या वाट्याला तालुक्याचा मोठा भाग. आमच्या, म्हणजे दिव्यांगत्वाच्या रकान्याबद्दल लिहिते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले, आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. फॉर्ममध्येही २१ आले. पण शाळेत तो रकाना भरताना पहिला प्रश्न काय येतो? "प्रमाणपत्र आहे का?" नसेल तर 'नाही' वर टिक. फॉर्म तसं म्हणत नाही, पण पुढं भत्ता, साहित्य, परीक्षेतली सवलत सगळंच प्रमाणपत्रावर अडतं, म्हणून मुख्याध्यापक कशाला उगाच गुंता करतील. आणि प्रमाणपत्र म्हणजे जिल्हा रुग्णालय, ठरलेला वार, एक पालक एक रोजगार बुडवून. पहिल्या खेपेला काम झालं तर नशीब. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र तर त्याहून अवघड. मुंबईत सायन, नायर, केईएम आहेत. आमच्या तालुक्यातल्या पालकाला मी कुठं पाठवू?

एक उदाहरण देते. दुसरीतला एक मुलगा. बाई म्हणाल्या, हुशार आहे पण लक्ष देत नाही. मी वर्गात मागं बसून बघितलं. बाई फळ्याकडं तोंड करून बोलायला लागल्या की हा शेजाऱ्याच्या वहीत डोकावायचा. बाई वळल्या की लगेच बरोबर उत्तर. ओठ वाचत होता पठ्ठ्या. कानाची तपासणी होऊन यंत्र मिळेपर्यंत तो पुढच्या इयत्तेत गेला. दुसरीच्या अख्ख्या वर्षात त्याच्या नावापुढं 'दिव्यांगत्व: नाही' हीच नोंद होती.

एनसीईआरटीचं 'प्रशस्त' ॲप यासाठीच आलं. पहिला भाग वर्गशिक्षकानं भरायचा, दुसरा विशेष शिक्षकानं. साधन चांगलं आहे, माझा त्याला पाठिंबाच आहे. पण तपासणीत शंका निघाली की पुढं माणूस लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. राज्यानं २०२४ मध्ये ४,८६० पदं मंजूर केली, दर केंद्राला, म्हणजे शाळांच्या एकेका गटाला, एक. केंद्रात दहाबारा शाळा असतात हो.

विदाधर

वाचतोय. पुण्यात डेटाचंच काम करतो (शिक्षण खात्याशी संबंध नाही), म्हणून दोन गोष्टी.

तिसरी_घंटाताई सांगतायत तो प्रकार जगभर झालेला आहे. "तुम्हाला अपंगत्व आहे का?" असं सरळ विचारलं की आकडा नेहमी कमी येतो. आपल्या २०११ च्या जनगणनेत देशात २.२१ टक्के निघाले. म्हणून वॉशिंग्टन ग्रुपने (अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणारा आंतरराष्ट्रीय गट) सहा प्रश्नांचा संच बनवला. चष्मा लावूनही बघायला अडचण येते का, यंत्र लावूनही ऐकायला, मग चालणं-चढणं, आठवणं-लक्ष लागणं, स्वतःचं आवरणं, बोललेलं समजणं-समजावणं. उत्तर चार पातळ्यांत. प्रमाणपत्राचा विषयच येत नाही. मुलांसाठी युनिसेफबरोबर केलेला वेगळा संचही आहे. शाळेच्या फॉर्ममध्ये 'प्रमाणपत्र असलेले' आणि 'अडचण दिसते, तपासणी बाकी' असे दोन वेगळे रकाने केले तर निम्मा प्रश्न सुटेल असं मला वाटतं. आज दुसरा गट बहुतेक 'नाही' मध्येच जातो.

दुसरं, ड्रॉपबॉक्स. शिक्षकमंडळींना माहीत असेल, इतरांसाठी लिहितो. मूल शाळा सोडून गेलं की जुनी शाळा त्याची नोंद यू-डायसच्या ड्रॉपबॉक्समध्ये टाकते, नवी शाळा तिथून उचलते. मुलाला कायमचा पेन (पर्मनंट एज्युकेशन नंबर) क्रमांक असतो. जी नोंद उचललीच गेली नाही ते मूल कुठंतरी गळालेलं असू शकतं. ही यादी नावानिशी हातात आहे! सर्वेक्षणाला शाई लावत फिरायची गरजच नाही. ड्रॉपबॉक्समध्ये तीन महिने पडून असलेली नावं गावनिहाय काढा आणि बालरक्षकांना, म्हणजे शाळाबाह्य मुलं शोधणाऱ्या शिक्षकांना, द्या.

कोरडवाहू

विदाधर, कागदावर अगदी बरोबर. पण माझी पोरं ड्रॉपबॉक्समध्ये जातच नाहीत, कारण ती शाळा 'सोडत' नाहीत. दाखला कुणी मागतच नाही. पाच महिन्यांसाठी दाखला काढून कोल्हापूरच्या शाळेत घालायचा आणि मार्चमध्ये परत काढायचा, कोण करणार? यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे. जाताना आम्ही ते द्यायचं, तिकडच्या शाळेनं ते बघून वर्गात बसवायचं, येताना त्यांनी प्रगती लिहून द्यायची. मी दर वर्षी देतो. पालक ते पिशवीत ठेवतात. भरून परत आलेली पत्रकं फार थोडी.

गडहिंग्लजकडची

कारण सांगू का सर? मी ज्या बाजूला तुमची पोरं येतात तिथली. आमच्या शाळेपासून टोळ्यांचा तळ दोनअडीच किलोमीटर, मधे कारखान्याचा रस्ता, उसाच्या गाड्यांची रांग. पोरांचे आईबाप पहाटे चारला फडात जातात. कायदा म्हणतो स्थलांतरित मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी, कलम ९. आम्ही तळावर जातो, नावं लिहून आणतो, दोन दिवस पोरं येतात. मग टोळीचं गाव बदलतं. फड संपला की तळ हलतो, हे तुमच्या पत्रकात कुठं लिहिलेलं असतं? पत्रकावर शाळेचं नाव लिहायची जागा आहे. हंगामात तिसऱ्यांदा शाळा बदलणाऱ्या पोरानं काय लिहायचं?

आणि एक कडू गोष्ट. आमच्याकडची काही माणसं ही पोरं वर्गात नको म्हणतात. उवा, अंघोळ, भाषा, काहीही कारण निघतं. पोरं पहिल्याच दिवशी हे ओळखतात.

बेळगावचा_बंडू

सीमेपलीकडं आणखी एक गाठ. बेळगाव, बागलकोटकडच्या कारखान्यांना मराठवाड्यातल्या टोळ्या येतात. जवळची सरकारी शाळा कन्नड माध्यमाची. मराठी शाळा आहेत पण त्या तळाजवळ कुठनं असणार? शिवाय आमच्याकडं मुलांच्या नोंदी राज्याच्या एसएटीएसवर, तुमच्याकडं सरल. दोन राज्यांच्या भांडणात या पोरांबद्दल कुणी ठराव केलेला मी तरी ऐकला नाही.

सॅलिनास_व्हॅली

कॅलिफोर्नियातून लिहितेय, इथल्या शाळेत शिकवते. आमच्याकडं स्ट्रॉबेरी-लेट्यूसच्या शेतांवर मजूर कुटुंबं हंगामानुसार फिरतात, बहुतेक मेक्सिकोतून आलेली. १९६० च्या दशकापासून स्थलांतरित मुलांसाठी केंद्राचा स्वतंत्र कार्यक्रम आहे. इथलं सगळं छान आहे असं सांगायला आले नाही, पण दोन बाबी उपयोगी वाटतात. एक, मुलं शोधायला पगारी माणसं असतात, ती शेतावर आणि वस्तीवर जाऊन नोंद करतात, शाळेनं आपला वर्ग सांभाळून हे करायचं नसतं. दुसरं, शेवटच्या स्थलांतरानंतर तीन वर्षं मूल पात्र राहतं. म्हणजे एका हंगामात कुटुंब घरी राहिलं म्हणून मदत तुटत नाही. राज्याराज्यांत नोंदी पाठवायची एमएसआयएक्स नावाची प्रणाली आहे. मूल टेक्सासहून आलं तर त्याचे वर्ग, लसीकरण आम्हाला दिसतं. तरी नोंद होईपर्यंत कुटुंब पुढं निघून गेलंय, असं इथंही होतंच.

उगाच_शंका

सगळं ठीक. पण हंगामी वसतिगृहं आहेत ना? सरकार पोरांना गावातच ठेवायला पैसे देतं. आईबाप तरी घेऊन जातात. मग जबाबदारी कुणाची?

अर्धा_कोयता

हे उत्तर मी देते. माझे आईवडील कोयत्यावर होते. मी काही वर्षं गावात आजीजवळ राहिले, काही वर्षं फडावर. आता नर्स आहे.

हंगामी वसतिगृह ऐकून लोकांना इमारत, खाटा, वॉर्डन दिसतात. आमच्या गावात ती शाळेतच असायची, दुपारची खिचडी शाळेची आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण वसतिगृहाचं. झोपायला नातेवाइकाकडं. आजी असेल तर ठीक. आजी वारली त्या वर्षी मला ठेवायला कुणी नव्हतं. चुलत्याच्या घरी दहा वर्षांच्या पोरीला पाच महिने ठेवायचं का, याचा विचार माझ्या आईनं केला आणि मला घेऊन गेली. तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. आमच्या बरोबरीच्या ज्या पोरींना ठेवायला जागा नव्हती आणि न्यायला भीती वाटत होती, त्यांची लग्नं लावली गेली.

भावाला मात्र मावशीकडं ठेवलं होतं, सलग. हे तुमच्या यादीत कुठं दिसणार? दोघांचीही नावं पटावर होती, मुलगा एक, मुलगी एक, समानता झाली.

तिसरी_घंटा

ताई, शेवटची ओळ वाचून थांबले जरा. आणि यात दिव्यांग मूल असलं तर आणखीच. वसतिगृहात त्याला कोण बघणार म्हणून ते हमखास फडावर जातं, आणि तिथं तपासणी, साहित्य काहीच नाही. दोन्ही रकाने एकत्र लावून कुणी बघतं का? दिव्यांगांची यादी माझ्याकडं, स्थलांतरितांची बालरक्षकांकडं, वसतिगृहाची शाळा व्यवस्थापन समितीकडं.

रानजाई

मेळघाटातून +१. आमच्याकडं ऊस नाही, होळीनंतर आणि पावसाळ्यानंतरही कामाला बाहेर जाणं असतं. मला मातृभाषेच्या रकान्याबद्दल सांगायचंय. पोर घरी कोरकू बोलतं. फॉर्ममध्ये कोरकू लिहिता येतं. तरी किती ठिकाणी मराठी लिहिलेलं मी बघितलंय, कारण वर्गाचं माध्यम मराठी म्हणून सगळ्यांना एकच टिक मारून मोकळं. मग वरून कुणी म्हणतं, कोरकू मुलांसाठी पुस्तक छापायची गरजच काय, यादीत तर मराठीच आहेत.

विदाधर

अर्धा_कोयता यांचा प्रतिसाद वाचल्यावर माझी ड्रॉपबॉक्सची कल्पना फारच शहरी वाटायला लागलीय :)

कोरडवाहू, एक विचारू? ऊसतोड कामगारांना ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रं द्यायचं काम ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनेत चालू आहे ना? कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेतात, तेच महामंडळ. त्या नोंदीत कुटुंब, मुकादम, कारखाना असतं असं धरतो. ती यादी आणि शाळेचा पट यांची गाठ घातली तर कुठलं पोर कुठल्या कारखान्याच्या तळावर जाणार हे ऑक्टोबरच्या आधीच कळेल.

कोरडवाहू

ग्रामसेवकाकडची यादी समाजकल्याणच्या वाटेनं जाते, माझी शिक्षण खात्याच्या. दोघं एकाच ग्रामपंचायतीत शेजारी बसतो, तरी यादी मागितली की "वरून पत्र आणा". संत भगवानबाबांच्या नावाची जी शासकीय वसतिगृहं आहेत, तीही समाजकल्याणचीच. मुलं माझ्या वर्गातली, प्रवेशाची जाहिरात मला वर्तमानपत्रातून कळते.

पण शाळा व्यवस्थापन समितीत सरपंच किंवा सदस्य असतातच. समितीनं ठराव घेऊन यादी मागितली तर ग्रामसेवकाला नाही म्हणता येत नाही, निदान गावात तरी. या वर्षी सप्टेंबरच्या सभेत तेच ठेवणार आहे. ठरावात तीन गोष्टी: जाणाऱ्या कुटुंबांची यादी मुकादमासकट, मागं राहणाऱ्या प्रत्येक पोराला रात्री ठेवणारं घर कुठलं, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याची हजेरी वेगळ्या कागदावर गटशिक्षण कार्यालयाला. तिसरीची कुणी पोच दिली तरी पुष्कळ.

गडहिंग्लजकडची

यादीत मुकादमाचा मोबाइल नंबर घ्या सर. कारखान्याचं नाव असून उपयोग नाही, एकेका कारखान्याचे तळ पंधरा गावांत पसरलेले असतात. मुकादमाला विचारलं की टोळी आज कुठं आहे ते कळतं. तुमच्या गावची टोळी आमच्या बाजूला येत असेल तर मला व्यनि (खासगी निरोप) करा.

अर्धा_कोयता

आणि मुलींसाठी रात्रीचं घर विचाराल तेव्हा पुरुष सदस्याला पाठवू नका. आशाताईला पाठवा. आई तिला खरं सांगेल.

बेळगावचा_बंडू

पेन क्रमांक देशभर एकच असतो ना? मग हमी पत्रकावर तो ठळक लिहा. इकडच्या शाळेला मराठी वाचता आलं नाही तरी आकडा वाचता येईल. आमच्या केंद्रात एका सरांना विचारून बघतो, त्यावरून मूल शोधता येतं का ते. कळलं की इथंच लिहितो.

कोरडवाहू

व्यनि केलाय, गडहिंग्लजकर ताई. बंडूशेठ, वाट बघतो. आशाताईची सूचना ठरावात घातली.